बर्फातलं इन्सुलिन

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे ज्याला पुढचं वाचायला वेळ नाही त्याला निदान एवढं तरी कळेल. इन्सुलिनची बाटली बर्फात ठेवायची नाही. बर्फाला टेकवायची नाही, फ्रीजरमध्ये टाकायची नाही, मासळीच्या पेटीत तर नाहीच नाही. एकदा गोठली की ती मेली. मग तिला उन्हात धरा, हातात चोळा, देवापुढे ठेवा, ती परत कामाची होत नाही. सुई टोचल्याचं दुखतं तेवढंच खरं.

एवढं जर मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर मी महापालिकेच्या हॉस्पिटलात अकरा दिवस पडले नसते. ज्याचं सांगायचं काम होतं त्याने ते सांगितलं, पण दुसऱ्यांना. मला नाही. म्हणून लिहायला बसलेय. माझी मुलगी प्राची म्हणते, आई, शांत डोक्याने लिही. शांत डोक्याने मी मासळीसुद्धा विकत नाही, लिहिणार कुठून!

मी रत्ना. राहणार मढ. नवऱ्याची, किसनची, बोट आहे. तो गेला की आठ-आठ, दहा-दहा दिवस समुद्रात. मी रोज सकाळी फेरीबोटीने खाडी ओलांडून वर्सोव्याला जाते, बाजारात बसते, आणि दुपारी अंधेरीतल्या चार-पाच ठरलेल्या बिल्डिंगींत घरपोच मासळी देते. घरात सासू आहे, प्राची आहे, ती अंधेरीच्या कॉलेजात शिकते. माझं वय सेहेचाळीस. यापलीकडे माझ्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं, शुगर होईपर्यंत.

शिंगाळ्याचा काटा

माझ्या बोटात शिंगाळा माशाचा काटा गेला. कोळणीच्या हाताला काटा लागणं म्हणजे काही नवल नाही, दोन दिवस ठणकतं, हळद लावायची, विसरायचं. हा काटा महिना झाला तरी विसरू देईना. जखम भरेचना. पू यायचा. त्यात तहान इतकी की बाजारात बसल्या बसल्या मी दोन-दोन बाटल्या पाणी संपवायची आणि मग संडासासाठी जागा शोधत फिरायची. बाजारात बायकांची सोय कशी असते ते वेगळं सांगत नाही. अंगावरचं मांस उतरत चाललं होतं, आणि बिल्डिंगीतल्या बायका म्हणायच्या, "अय्या रत्ना, मस्त बारीक झालीस गं! काय करतेस?" मी पण खूश! मूर्ख कुठली.

शेवटी प्राचीनेच ओढत नेलं हॉस्पिटलात. बसने मालाडच्या बाजूला जायला सकाळ गेली, लायनीत दुपार गेली. डॉक्टर पोरगेलासाच होता. रिपोर्ट बघून म्हणाला, "मावशी, साखर चारशेच्या वर आहे. गोळ्यांनी भागणार नाही. इन्सुलिन घ्यावं लागेल, रोज दोन वेळा."

मी म्हटलं, "इंजेक्शन नको. गोळ्या वाढवा हव्या तर."

"बोट ठेवायचंय ना?" तो म्हणाला.

बोट म्हटल्यावर मला पहिल्यांदा किसनची बोटच आठवली, मग हातातल्या पट्टीकडे बघितलं आणि कळलं. खरं सांगते, मी घाबरले होते. आमच्याकडे इन्सुलिन म्हणजे शेवटचं समजतात. घरी सांगितलं तर सासूने कपाळालाच हात लावला. "सुई लागली म्हणजे संपलाच गो बाय," म्हणाली आणि रडायला लागली. मला धीर द्यायचा सोडून मीच तिला पाणी दिलं.

मेडिकल

हॉस्पिटलच्या खिडकीवर सांगितलं, इन्सुलिनचा स्टॉक नाही, बाहेरून घ्या. हातात चिठ्ठी. बाहेरून म्हणजे कुठून ते खिडकी सांगत नाही.

आमच्या वस्तीत मेडिकल एकच. दुपारी बंद, रविवारी बंद, मालकाकडे लग्नकार्य असेल तेव्हा बंद. काउंटरवर मालकाचा मेव्हणा बसतो. गडी वाईट नाही, पण त्याला अंगदुखीची गोळी आणि डोकेदुखीची गोळी यांतला फरक पाकिटाच्या रंगावरून कळतो. तो म्हणाला, "वहिनी, इन्सुलिन आम्ही ठेवतच नाही. लाईट गेली की माल फुकट जातो. पलीकडून घ्या."

पलीकडून. आमच्याकडे सगळं पलीकडे असतं. खाडी म्हणजे काय, पाच मिनिटांची बोट. पण पलीकडे उतरलं की एका गल्लीत पाच मेडिकल, एकेकाला काचेचे दरवाजे, आत एसी, फोन केला की औषध घरी. अलीकडे एवढी माणसं राहतात, म्हातारीकोतारी, शुगरवाली, दम्यावाली, बाळंतिणी, आणि त्यांच्यासाठी एक मेव्हणा. प्राचीने मोबाईलवर औषध मागवायचा प्रयत्न केला. पत्ता टाकला की लगेच उत्तर यायचं, तुमच्या भागात सेवा उपलब्ध नाही. आमच्या भागात शूटिंगच्या बंगल्यांना एवढ्या लांबून केक पोचतो. औषध म्हटलं की मात्र खाडी आडवी येते.

मी बाजार उरकून, टोपली काखेत मारून, त्या गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या मेडिकलमध्ये गेले. काउंटरला गर्दी. मला बघून दोघीजणी थोड्या सरकल्या, वासामुळे. मला सवय आहे. काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठी घेतली, बाटली काढली, सुया काढल्या, एका प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाचे चार खडे टाकले, त्यात बाटली टाकली आणि गाठ मारली.

"ठंडा ठेवायचं हां मावशी."

"थंड म्हणजे बर्फातच ना?"

"हां हां, बर्फात. पुढचे कोण आहे?"

एवढंच शिक्षण झालं माझं. सुई कशी भरायची ते मी बाजूच्या बाईला विचारलं. ती नर्स निघाली म्हणून नशीब.

आमचा बर्फ

आता बर्फातलं आम्हाला कुणी शिकवायचं? जन्म गेला बर्फात. कुठली मासळी बर्फाच्या खाली, कुठली वर, कुठल्या बर्फात मूठभर जाडं मीठ टाकायचं म्हणजे माल कडक राहतो, हे मला झोपेत विचारा. घरात फ्रिज होता, पण खाऱ्या हवेने त्याचा मागचा पत्रा खाल्लेला आणि कॉम्प्रेसर मेलेला, त्यात सासू कपड्यांचा साबण ठेवायची. चालू असता तरी आम्ही फ्रिजवर विश्वास ठेवला नसता. वीज जाते. बर्फ कुठे जात नाही, तो आपल्या हातात असतो.

तर मी काय केलं, थर्माकोलच्या मोठ्या पेटीत, अगदी तळाशी, जिथे सगळ्यात चांगली पापलेटं ठेवतो तिथे, मीठ मारलेल्या बर्फात ती बाटली पुरली. एका पिशवीत नीट गुंडाळून. वरून आणखी बर्फ. किती जपलं म्हणून सांगू! सकाळी काढायची तर दगड. मग काखेत धरून बसायची, वितळेपर्यंत. आत पांढरे कण दिसायचे, फाटलेल्या दुधात असतात तसे. मला वाटलं औषध असंच असतं, खाली बसतं, हलवून घ्यायचं. मी खूप हलवायची. मग पोटाला सुई. सकाळ, संध्याकाळ. एक दिवस चुकवला नाही.

महिन्याने साखर बघितली, चारशे होती ती चारशेच. डॉक्टरने डोस वाढवला. पुन्हा पंधरा दिवसांनी बघितलं, साडेचारशे. डॉक्टरने माझ्याकडे अशी नजर टाकली ना, शाळेत कॉपी करताना पकडल्यासारखी.

"मावशी, इंजेक्शन घेत नाही ना तुम्ही?"

"घेते."

"मग साखर आकाशातून पडते का? खोटं बोलून तुमचंच नुकसान आहे."

डॉक्टर बोलला ते एक वेळ ठीक. घरच्यांचं ऐका. सासूने देवाचा प्रसाद मला द्यायचा बंद केला. प्राची साखरेचा डबा लपवून ठेवायला लागली, माझी मुलगी, मला चोर समजून. आणि किसन दहा दिवसांनी समुद्रावरून आला, घरात पाऊल टाकलं आणि ऐकलं की साखर वाढलीय, तर चप्पल काढायच्या आत म्हणतो, "बाजारात गपचूप काय काय खातेस ते सांग."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, प्राची वाचणार आहे. आठ दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तो परत समुद्रावर गेला तेव्हा मी धक्क्यावर गेले नाही, लग्नानंतर पहिल्यांदा. आणि सगळ्यात वाईट सांगू? मला माझाच संशय यायला लागला. झोपेत उठून काही खात असेन का, असं वाटायचं. एकदा रात्री निजताना मी स्वयंपाकघराच्या दाराला दोरी बांधली. इतकं डोकं फिरलं होतं.

अकरा दिवस

डोळ्यांना धूसर दिसायला लागलं. बोंबील आणि मांदेली यांत गोंधळ व्हायला लागला, तेव्हाच समजायला हवं होतं. एका मंगळवारी सकाळी बाजारात बसल्या जागी उलट्या सुरू झाल्या. श्वास लागला. मला एवढंच आठवतं की शेजारच्या शेवंताने माझी पाटी बाजूला सारली आणि ओरडली, "अरे रिक्षा थांबवा रे कुणीतरी!" बाजारातल्या चौघींनी मला उचललं. आपापला माल उघडा टाकून आल्या होत्या. या चौघींचं मी कधी विसरणार नाही.

डोळे उघडले तेव्हा दोन्ही हातांना नळ्या होत्या. वॉर्डात माझी खाट संडासाच्या दाराशी. पहाटे पाचला दिवे लागायचे, बोटाला सुई, साखर बघायची, मग चहा, बिनसाखरेचा, मग डॉक्टर लोकांची वरात. दुपारी पुन्हा सुई. संध्याकाळी पुन्हा. बोटं चाळणी झाली. शेजारच्या खाटेवर विक्रोळीची एक आजी होती, तिचा एक पाय गुडघ्यापासून काढलेला. ती दिवसभर त्या नसलेल्या पायाला खाज सुटते म्हणायची. मी दुसरीकडे तोंड करून पडायची. माझ्या पायांची बोटं हलवून बघायची, सगळी हलतात ना.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी प्राचीला झापलं, "तुझी आई इंजेक्शन चुकवते." पोरगी रडून लाल. "नाही चुकवत डॉक्टर, मी बघते ना, माझ्यासमोर घेते." कुणी विश्वास ठेवेना. पण तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरच्याच डोक्यात आलं. सावंत सिस्टर, कणकवलीकडच्या, आवाज असा की वॉर्डाच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाची पेशंट उठून बसेल. त्या म्हणाल्या, "इथे त्याच इन्सुलिनने हिची साखर खाली आली. मग घरी का येत नाही? पोरी, घरची बाटली घेऊन ये बघू."

प्राची दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन आली. कशी? स्टीलच्या डब्यात, बर्फ ठासून भरून. बिचारीने इतकं जपून आणली होती.

सिस्टरने डबा उघडला आणि बघतच राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बर्फात घातलंस? अगो बाय माझे, तां इन्सुलिन आसा, पापलेट न्हय!"

सगळा वॉर्ड हसला. विक्रोळीची आजी पण हसली. मी पण हसले, आणि हसता हसता मला रडू फुटलं ते थांबेचना. दोन महिने मी पाणी टोचून घेत होते. दोन महिने घरादाराने मला खोटारडी ठरवलं होतं.

सिस्टरची ड्युटी संपली होती. पर्स खांद्याला लावलेली होती. तरी त्या माझ्या खाटेवर बसल्या, वॉर्डातली चांगली बाटली आणि माझी बाटली शेजारी शेजारी धरून दाखवली. हे बघ, ही हलवली की सारखी दुधाळ होते, तुझ्यात गुठळ्या आहेत. फ्रिज असेल तर खालच्या कप्प्यात किंवा दारात. नसेल तर छोटं मडकं मोठ्या मडक्यात ठेव, मध्ये ओली वाळू, वर ओलं फडकं, त्यात ठेव. आणि एक गोष्ट त्यांनी हळू आवाजात सांगितली, "डॉक्टरने डोस वाढवलेला ना? त्या डोसाची एक जरी चांगली बाटली चुकून तुझ्या हातात आली असती तर साखर एकदम खाली जाऊन झोपेतच गेली असतीस."

हे सगळं सांगायला त्यांना दहा मिनिटं लागली. मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं होतं.

त्या संध्याकाळी किसन आला. बोट मध्येच सोडून आला होता. प्राचीने त्याला बाहेरच सगळं सांगितलं असणार, कारण आत आला तो खाटेशी खाली मान घालून उभा राहिला. मग म्हणाला, "चुकलं माझं." लग्नाला तेवीस वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, "बस आता, उभा काय राहिलास." त्याने माझे पाय चेपले, सगळ्या वॉर्डासमोर.

अकरावा मजला

बरी होऊन महिन्याने मी पुन्हा धंद्याला लागले. पहिल्याच दिवशी अकराव्या मजल्यावरच्या मॅडमकडे सुरमई घेऊन गेले. बाई चांगल्या आहेत, आजारपणात दोनदा फोन केला होता. मी स्वयंपाकघरात सुरमईचे तुकडे करून देत होते आणि ओट्यावर एक पांढरा खोका दिसला, बाहेर त्याच मोठ्या मेडिकलचं नाव. मॅडम तो उघडायला लागल्या. आत निळ्या जेलच्या थंड पिशव्या, पिशव्यांच्या वर जाड पुठ्ठा, पुठ्ठ्याच्या वर इन्सुलिन. बाटलीला बर्फाचा स्पर्श नाही. सोबत एक गुळगुळीत कार्ड, त्यावर बर्फाच्या चित्रावर लाल काट.

माझ्या हातातला कोयता तसाच राहिला.

"मॅडम, तुम्हाला पण शुगर?"

"मला नाही गं, साहेबांना. पाच वर्षं झाली."

"आणि हे कार्ड?"

"दर वेळी देतात. शिवाय त्यांची फार्मासिस्ट महिन्यातून एकदा फोन करते, कसं ठेवता, कसं घेता, कुठे टोचता विचारते. फार गोड मुलगी आहे." मग मॅडम सहज म्हणाल्या, "का गं, तुला नाही करत फोन?"

त्यांचा काही दोष नाही. त्यांनी साधं विचारलं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकच दुकान, एकच औषध, तोच बर्फाचा विषय. अकराव्या मजल्याला खोका, कार्ड आणि फोन, आणि मला पिशवीत चार खडे आणि पुढचे कोण आहे! मी कार्ड मागून घेतलं, हात धुतले आणि लिफ्टने खाली आले. बाकीच्या दोन बिल्डिंगींची मासळी त्या दिवशी पोचलीच नाही. टोपली घेऊन सरळ मेडिकल गाठलं.

तोच माणूस काउंटरवर. मी कार्ड त्याच्यासमोर आपटलं. "हे मला का नाही दिलं?"

"मावशी, आवाज कमी करा. ते होम डिलिव्हरीवाल्यांना असतं."

"मग मला करा होम डिलिव्हरी."

"कुठे राहता?"

"मढ."

"तिकडे नाही होत. आमची डिलिव्हरी तीन किलोमीटरमध्ये."

"अरे, तुझ्या दुकानाच्या पायरीवरून माझा गाव दिसतो! तीन किलोमीटर कुठलं?"

"रस्त्याने धरतात ना मावशी. रस्त्याने लांब पडतं."

"आणि बर्फात ठेव म्हणून तूच सांगितलंस त्याचं काय?"

"मी थंड ठेवा म्हटलं. बर्फात असं मी बोललोच नाही."

बस्स. मग मी बाजाराचा आवाज काढला. कोळणीचा आवाज काय असतो ते ज्याने ऐकलंय त्याला सांगायला नको. गिऱ्हाईकं थांबली, रस्त्यावरची माणसं आत डोकावली. मी म्हटलं, मी अकरा दिवस नळ्या लावून पडले होते, तुझ्या हां-हांमुळे. माझ्या घरच्यांनी मला खोटारडी म्हटलं. माझ्या पैशाला वास येतो काय, म्हणून मला अर्धवट सांगतोस? मला मढला औषध आणून देऊ नकोस, मी येते बोटीने, माझे पाय अजून आहेत! पण मी इथे उभी असताना माझ्या तोंडावर एक वाक्य पूर्ण बोलायला काय जड जात होतं तुला?

मालक आतून आले आणि मला थंड प्यायला देऊ लागले. मला, शुगरवालीला, थंड पेय! तेही मी ऐकवलं.

तेवढ्यात मागच्या दारातून एक मुलगी बाहेर आली. पंचविशीची, गळ्यात ओळखपत्र, नाव स्नेहल. मॅडम म्हणत होत्या ती गोड मुलगी हीच. भिंतीवर फार्मासिस्टचं लायसन्स लटकतं ना, त्यावर नाव तिचं. पण तिला मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसवलेलं, घरपोच ऑर्डरी बघायला आणि त्या लोकांना फोन करायला. ती म्हणाली, "काकी, काउंटरवर उभं राहायचं काम माझंच आहे. मला आत बसवलंय." मालकाच्या समोर म्हणाली. मालकाने तोंड वाकडं केलं, पण ती हटली नाही. तिने तिथेच मराठीत, मोठ्या अक्षरांत एक कागद लिहिला. बाटली गोठवू नका, बर्फाला टेकवू नका, कण दिसले तर टाकून द्या आणि आम्हाला विचारा. खाली स्वतःचा नंबर. शेजारच्या झेरॉक्सवरून त्याच्या ढीगभर प्रती काढून आणल्या आणि माझ्या टोपलीत ठेवल्या. "तुमच्याकडे वाटाल का? मी फोन उचलीन."

ती उचलते. हे मुद्दाम लिहिते, कारण एवढ्या रागात तिचं चांगलं राहून जायला नको. पण एक मुलगी फोन उचलते म्हणून आमच्या वस्तीला मेडिकल मिळालं असं कुणी समजू नये. तिची नोकरी गेली तर आम्ही पुन्हा त्या मेव्हण्यापाशी. मला उपकार नकोत. अकराव्या मजल्याला जे आपसूक मिळतं ते मला भांडून का मिळावं, एवढंच मी विचारतेय, आणि विचारत राहणार.

घरोघरी

रविवारी मी आणि प्राची ते कागद घेऊन निघालो. वाटलं होतं, असतील दोन-चार घरं. तिसऱ्याच घरात पेटी उघडायला लावली तर पापलेटांच्या खाली बाटली. दगड. पुढच्या आळीत आणखी एक. तिथल्या काकी माझ्यावरच चिडल्या, "औषध बर्फात नाही ठेवणार तर काय चुलीवर?" मी त्यांना सगळं समजावलं, दोन मडकी कशी करायची ते दाखवलं, पुढची चांगली बाटली सुरू करायच्या आधी डोस डॉक्टरला विचारायचाच, हे तीनतीनदा सांगितलं. माझा राग वाढत चालला होता, पण खरं सांगायचं तर मला थोडा अभिमानही वाटत होता. मी बाहेरून मोठमोठ्याने हाका मारत आळीत शिरत होते.

शेवटच्या आळीत जयवंतचं घर. जयवंत किसनच्या बरोबरीचा, लहानपणापासून एका बोटीवर वाढलेले. अंगणात फाटलेलं जाळं तुणत बसला होता. त्याच्या घरी आता शुगर कुणाला नाही, पण मी ठरवलं होतं, एकही घर सोडायचं नाही. कागद त्याच्या हातात दिला आणि पोपटासारखं सुरू केलं, "हे बघ जयवंत, इन्सुलिन कधी बर्फात ठेवायचं नाही. गोठलं की मरतं. मग ते घ्या नाहीतर पाणी घ्या, सारखंच."

त्याने कागद वाचला. मग पुन्हा वाचला. तुणायची सुई त्याने जाळ्यावर ठेवली.

"आयचं मी बर्फात ठेवायचो," तो म्हणाला.

त्याची आय मागच्या वर्षी गेली. शुगरने गेली, वय झालं होतं, पथ्य पाळत नव्हती, असं सगळे म्हणाले होते. मी पण म्हटलं होतं. मयताला गेले होते तेव्हा याच अंगणात बसून मी म्हटलं होतं की म्हातारी ऐकायची नाही कुणाचं.

"रोज ताजा बर्फ घालायचो," जयवंत म्हणाला. "बोट बंद असली की फॅक्टरीत जाऊन आणायचो. बायको म्हणायची, एक दिवस राहू दे. मी राहू दिला नाही." तो कागदाकडेच बघत होता. "रत्ना, मग आय त्यानेच गेली काय गं?"

प्राची माझ्या मागे उभी होती, तिने माझा पदर धरला. मी जयवंतच्या शेजारी त्या जाळ्यावरच बसले. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून म्हटलं, "तुझी काय चूक रे? तुला कुठे माहीत होतं? कुणाला विचारलं असतंस तर कळलं असतं."

"विचारलं होतं गं मी," तो म्हणाला. "पलीकडच्या मेडिकलमध्ये. दोनदा विचारलं होतं."